जहाजातून उतरलेली देवी

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामा बेटांपैकी एका बेटावर उतरला, तेव्हा त्याच्या ताफ्यात देवीचा रोगी नव्हता. पुढच्या वर्षी तो १७ जहाजं आणि हजार-बाराशे माणसं घेऊन पुन्हा गेला, तेव्हाही देवी गेली नाही. हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, देवीची पहिली खात्रीशीर नोंद आहे १५१८च्या अखेरीची. पहिल्या भेटीनंतर २६ वर्षांची.

‘युरोपीय आले, त्यांच्याबरोबर रोग आले, तिथली माणसं मेली’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की मधल्या या २६ वर्षांकडे कुणाचं लक्षच जात नाही. माझ्या मते सगळी गोष्ट त्या २६ वर्षांत दडलेली आहे.

आधी उशीर का झाला ते पाहू. देवीचा विषाणू माणसाखेरीज दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात मुक्काम करत नाही. तो अंगात शिरल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण १२ दिवस जातात. मग पुरळ, फोड, खपल्या. सगळं मिळून महिना-सव्वा महिना. त्यानंतर रोगी एक तर दगावलेला असतो, नाही तर जन्मभरासाठी सुटलेला. कॅनरी बेटं सोडल्यापासून कोलंबसला पलीकडे जायला ३६ दिवस लागले होते. म्हणजे बंदरात लागण झालेला खलाशी पैलतीरी पोचेपर्यंत बरा तरी व्हायचा किंवा समुद्रात तरी सोडला जायचा. रोग जिवंत राहायचा तर त्याच्याकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला अशी साखळी जहाजावरच चालू राहायला हवी. आणि स्पेनमधल्या बहुतेक मोठ्या माणसांना देवी लहानपणीच येऊन गेलेल्या असत. साखळी समुद्रातच तुटायची. फेऱ्या वाढल्या, देवी न आलेली माणसं जहाजांवर चढू लागली, तेव्हा कुठे ती पोचली.

पण तोवर बेटावर काय उरलं होतं? तिथल्या ताइनो लोकांची मूळ संख्या किती, यावर अभ्यासकांची जुनी भांडणं आहेत. काही दहा हजारांपासून थेट ऐंशी लाखांपर्यंत अंदाज बांधले गेले आहेत. त्या वादात न शिरताही एक गोष्ट कळते. ताइनो लोक मातीचे उंचवटे करून त्यांत कसावा लावत. सोन्याच्या खाणीत जुंपलेल्या पुरुषांना ही शेती सोडावी लागली, गावं मोडली, १४९०च्या दशकातच दुष्काळ पडला. १५०३ पासून माणसं वाटून देण्याची ‘एन्कोमियेंदा’ पद्धत अधिकृत झाली. १५०९ मध्ये स्पेनच्या राजाने शेजारच्या बहामा बेटांवरून माणसं पकडून आणायला परवानगी दिली, कारण हिस्पॅनिओलात मजूर पुरेनासे झाले होते. थोड्याच वर्षांत बहामा बेटं ओस पडली. १५११च्या डिसेंबरात अंतोनियो दे मोंतेसिनोस नावाच्या पाद्र्याने भर चर्चमध्ये वसाहतवाल्यांना सुनावलं, की ही माणसं नाहीत का? १५१४ साली मजूरवाटपासाठी शिरगणती झाली तेव्हा बेटावरचे ताइनो जेमतेम २६,००० भरले. हे सगळं देवी येण्याआधीचं. ताप, हगवण, कोणकोणते आजार या वर्षांतही होतेच. ला इसाबेला या पहिल्या वसाहतीत उतरल्या उतरल्या स्पॅनिश लोकही पटापट आजारी पडले होते. पण ज्या रोगावर सगळं खापर फुटतं, तो अजून बंदरात लागायचा होता.

जानेवारी १५१९ मध्ये बेटावरच्या पाद्र्यांनी राजाला कळवलं, की देवीने जवळजवळ तिसरा हिस्सा माणसं नेली. अर्धपोटी, घरदार तुटलेल्या माणसांत ती शिरली होती. १५१८ मध्येच स्पेनचा राजा कार्लोस याने आफ्रिकेतून थेट ४,००० गुलाम न्यायचा परवाना दिला होता. हा निव्वळ योगायोग नव्हे. काम करणारे हात संपत आले होते.

मेक्सिकोत चित्र वेगळं होतं. तिथे गाव मोडायला वेळच मिळाला नव्हता. एप्रिल १५२० मध्ये पांफिलो दे नार्वाएझ हा स्पॅनिश सरदार क्यूबाहून निघून मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला, तो क्यूबाच्या गव्हर्नरची आज्ञा मोडून मेक्सिको जिंकायला निघालेल्या कोर्तेसला पकडायला. त्याच्या ताफ्यातून देवी उतरली. जुन्या लिखाणात याचा दोष एका आफ्रिकी गुलामाच्या माथी मारलेला आढळतो. हजाराच्या वर माणसांच्या ताफ्यात सगळ्यांच्या लक्षात राहिला तो नेमका गुलाम! ३० जूनच्या रात्री आस्तेक लोकांनी स्पॅनिश फौजेला राजधानी तेनोच्तित्लानमधून हुसकून लावलं. त्यानंतर शरदात शहरात साथ पसरली. नवा राजा कुइत्लावाक गादीवर बसून ऐंशीएक दिवस झाले होते. तोही तिच्यात गेला. कोर्तेस तोवर त्लाश्कालात दोस्तांच्या आश्रयाला होता. देवीने दोस्त-दुश्मन पाहिलं नाही, त्लाश्कालाचा वृद्ध सरदार माशिश्कात्सिनही मेला. मात्र ज्या गावांचे प्रमुख मेले तिथले लोक वारस ठरवायला कोर्तेसकडे येऊ लागले, आणि त्याने आपल्या सोयीची माणसं बसवली. साथीचा त्याला खरा फायदा झाला तो हा. पुढच्या मे महिन्यात वेढा पडला, पिण्याच्या पाण्याचा नळ तोडला गेला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडलं. वेढ्यात कोर्तेसच्या बाजूने लढणारे बहुसंख्य लोक तिथलेच होते, हेही विसरू नये.

आस्तेकांच्या नाहुआत्ल भाषेत देवीला ‘थोरले फोड’ अशा अर्थाचं नाव पडलं. १५३१ साली गोवर आला त्याला ‘धाकटे फोड’. देवी, कांजिण्या, गोवर यांची घरच्या घरी प्रतवारी लावणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच समजलं असतं. बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने नंतर नाहुआ जाणकारांकडून त्या साथीची हकीकत लिहून घेतली. साठ दिवस ती शहरात होती. लोकांना चालता येईना, कूस पालटता येईना, हललं तरी किंचाळायचे. आणि त्यातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पुष्कळ माणसं नुसती भुकेने मेली, कारण कुणाची काळजी घ्यायला कुणी उभं नव्हतं.

ही ओळ नीट समजून घेतली पाहिजे. युरोपीय रक्त जात्याच कणखर आणि अमेरिकी रक्त कमजोर, असं काही नव्हतं. युरोपात देवी हा पोरांचा रोग होता. पोरं मरायची, आणि जी जगायची ती पुन्हा आजारी पडायची नाहीत. घरात आई, आजी उभी असायची. पेज, पाणी मिळायचं. मेक्सिकोत पोरं, आई, आजी, शेतकरी, वैदू सगळे एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळले. त्यावर शेतीची कामं खोळंबली.

मग हे रोग एकाच बाजूने का गेले? बर्फयुगात सैबेरियाच्या बाजूने अमेरिकेत शिरलेले लोक १५,००० वर्षांपूर्वीच तिथे होते. गुरं पाळण्याआधीच ते जुन्या जगापासून, म्हणजे आशिया, युरोप, आफ्रिकेपासून, तुटले. तिकडे पाळीव प्राणी होते ते लामा, अल्पाका, गिनीपिग, टर्की, बदक आणि कुत्रा. गाय, डुक्कर नाही. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद आहे. आपल्याकडे गोठा आणि ओसरी यांत भिंतही नसायची, तेव्हा हे नातं कसं जुळलं असेल याचा अंदाज येतो. शिवाय गोवर टिकायला काही लाख माणसांची सलग वस्ती लागते. तेनोच्तित्लान तसं दाट होतं. गुरं मात्र नव्हती.

देवीनंतर आलेल्या दोन साथी तिच्याहून भयंकर होत्या, पण त्यांची नावं आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतात. १५४५ आणि १५७६. नाहुआत्लमध्ये त्यांना ‘कोकोलित्स्ली’ म्हणत, म्हणजे नुसतं ‘दुखणं’. नाकातून रक्त, पिवळे डोळे, कडक ताप. १५४५ मध्ये तेनोच्तित्लानला लागून असलेल्या त्लातेलोल्कोत आपण दहा हजारांवर प्रेतं पुरली, असं साहागुनने लिहून ठेवलंय. २०१८ साली मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या त्या काळच्या दफनभूमीतल्या दातांमधून संशोधकांना साल्मोनेलाची एक जात सापडली, पॅराटायफॉइड सी, आपल्या विषमज्वराच्या कुळातली. विषमज्वर म्हटला की दूषित पाणी आलं, दाटीवाटी आली, उपासमार आली. त्या शतकात तिथे अवर्षण होतं, आणि विखुरलेल्या वाड्यावस्त्या मोडून लोकांना एकत्र गावठाणांत आणून बसवण्याचा सरकारी उद्योगही चालू होता. मध्य मेक्सिकोची लोकसंख्या त्या शंभर वर्षांत ऐंशी-नव्वद टक्क्यांनी घटली असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुरुवातीचा आकडा कुणी अडीच कोटी धरतो, कुणी त्याच्या निम्म्याहून कमी.

तरी ‘नामशेष’ हा शब्द मला सरसकट मान्य नाही. पोर्टो रिकोत फक्त आईकडून मुलांकडे जाणारा जनुकीय वारसा तपासला तेव्हा ६० टक्क्यांच्या आसपास लोकांमध्ये तो मूळ अमेरिकी निघाला. बापाकडचा वारसा मात्र बहुतांशी युरोपीय. या दोन गोष्टींमधली तफावत काय सांगते, ते वेगळं लिहायची गरज नाही.

आफ्रिकेचं गणित आणखी उलटं. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक माणसांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं, त्यामुळे व्हायवॅक्स जातीचा हिवताप त्यांना सहसा लागत नाही. पीतज्वरही तिथे लहानपणी येऊन जायचा. तो पसरवणारा डास गुलामांच्या जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून पलीकडे गेला, आणि १६४७ मध्ये बार्बाडोसमध्ये पीतज्वराची मोठी साथ आली. उसाच्या मळ्यांत गोरे नोकर मरत आणि आफ्रिकी तगत, हे मळेवाल्यांनी ओळखलं. त्यातून ‘हे लोक याच कामासाठी जन्मले’ असला सोयीचा सिद्धांत निघाला. एकूण सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली. उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. पण डासाने नंतर हिशेब फिरवला. १८०२ मध्ये हैतीतलं बंड मोडायला नेपोलियनने पाठवलेली फौज पीतज्वराने पोखरली, तिचा सेनापती लक्लेर स्वतः नोव्हेंबरात मेला, आणि १८०४च्या पहिल्या दिवशी हैती स्वतंत्र झाला.

आपल्याकडे या सगळ्याचे धागे आले ते शब्दांतून. १४९५ मध्ये नेपल्समध्ये उपदंशाची साथ उसळली. तो अमेरिकेतून आला का, हा वाद अजून संपलेला नाही. तिकडच्या जुन्या हाडांतले पुरावे त्या बाजूला झुकतात. इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच नेपल्सचा रोग, रशियन पोलिश रोग. सोळाव्या शतकात भावमिश्राने संस्कृत वैद्यकात त्याची नोंद केली तीही त्याच रीतीने, ‘फिरंग रोग’ म्हणून, आणि उपाय सांगितले पारा आणि चोपचिनी. आपला शब्दही उलट दिशेने गेला. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या ग्रंथात जुलाब-वांतीच्या रोगाचं स्थानिक नाव टिपलं. ते आपलं ‘मोडशी’. पुढे फ्रेंचांच्या कानांनी त्याचं ‘मोर द श्यँ’ केलं, म्हणजे कुत्र्याचं मरण.

आता पुन्हा साखळीकडे. एडवर्ड जेनरची गोस्तनदेवीची लस निघाली १७९६ मध्ये. ती दूर न्यायची कशी? दोऱ्यात भिजवून, काचेत बंद करून पाठवलेली लस उष्णतेत वाया जायची. म्हणून जिवंत माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशीच ती न्यावी लागली. व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा टप्प्याटप्प्याने प्रवास करत ती मुंबईत पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानातलं ते पहिलं यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढे इतर मुलांना आणि तिथून पुणे, सुरत, मद्रासकडे गेली. पन्नाशीपुढच्या माणसांच्या दंडावर दिसणारा देवीचा वण या रांगेतलाच.

अटलांटिकवर तीच अडचण होती, जी १४९२ मध्ये देवीला आडवी आली होती. स्पेनच्या राजाने नेमलेल्या फ्रान्सिस्को हाव्हिएर द बाल्मिस या डॉक्टराने तिच्यावर जो तोडगा काढला तो शास्त्रीयदृष्ट्या चोख आणि ऐकायला अंगावर काटा आणणारा आहे. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी आ कोरुन्या बंदरातून ‘मारिया पिता’ हे जहाज निघालं, त्यावर २२ अनाथ मुलं होती, तीन ते नऊ वर्षांची, देवी न आलेली. दर नऊ-दहा दिवसांनी दोघांना टोचायचं, त्यांच्या फोडांतून पुढच्या दोघांना. एक फुटला तरी दुसरा उरावा म्हणून दोघं. मुलांनी खाजवू नये, एकमेकांना आपोआप लागण होऊ नये म्हणून अनाथाश्रमाची व्यवस्थापिका इसाबेल सेंदाल रात्रंदिवस त्यांच्याबरोबर होती. लस जिवंत पोचली, कॅरिबियन आणि मेक्सिकोत वाटली गेली. १८०५ मध्ये मेक्सिकोतली २६ मुलं घेऊन बाल्मिस आकापुल्कोहून मनिलाला निघाला, त्याच पद्धतीने पॅसिफिक ओलांडून.

ती मेक्सिकन मुलं नंतर परत आणली गेली. स्पेनहून निघालेल्या २२ मुलांपैकी बहुतेक परतली नाहीत. त्यांना मेक्सिको शहरातल्या अनाथगृहात ठेवलं गेलं.