वाफुला आणि नाफुला: लुह्यांच्या नावांतील पाऊसपाणी

पश्चिम केनियातील बुंगोमा भागात एखाद्याचे नाव वाफुला असल्याचे कळले, की ते पावसाळ्यातल्या जन्माचे नाव आहे हे तिथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. लुह्या हा अनेक उपसमूहांचा बांटूभाषक समाज असून, 2019 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे 68 लाख होती. त्यांपैकी एल्गन पर्वताच्या परिसरातील बुकुसु लोकांच्या नावांत शेतीचे वर्ष विशेष स्पष्ट दिसते.

या नावांची घडण सोपी आहे. प्रसंगाच्या शब्दाआधी मुलासाठी ‘वा’ किंवा ‘वे’ आणि मुलीसाठी ‘ना’ किंवा ‘ने’ लागतो. त्यामुळे पावसातली मुले वाफुला आणि नाफुला होतात, तर कापणीतली वेकेसा आणि नेकेसा. कोरड्या ऋतूत मात्र मुलगा नुसता सिमियू असतो आणि मुलगी नासिमियू. खुरपणीच्या दिवसांत जन्मलेली मुलगी नालिआका होते. वामाल्वा आणि नामाल्वा ही नावे मद्य गाळण्याच्या दिवसांची. हे मद्य पूर्वापार नाचणीपासून बनते, आणि आपल्या कोकणात पिकणारी नाचणीही मूळची पूर्व आफ्रिकेचीच.

मला सर्वांत बोलके वाटते ते वांजाला, म्हणजे भुकेच्या दिवसांतला. जुने धान्य संपलेले आणि नवे पीक अजून शेतात उभे, अशा कापणीपूर्वीच्या आठवड्यांत घराघरांत टंचाई असते. पण दुष्काळाच्या वर्षी हेच नाव कोणत्याही महिन्यात पडू शकते. वासिके आणि नासिके ही टोळधाडीची नावे याहून वेगळी. केनियात 1928 ते 1931 या काळात आल्या तशा टोळधाडी दरवर्षी येत नाहीत. म्हणून वेकेसा हे नाव जन्माचा हंगाम सांगते, वर्ष सांगत नाही, आणि वासिके या नावावरून उलट वर्षाचा अंदाज बांधता येतो.

जुळी मुले जन्मली तर ऋतू मागे पडतो. मग पहिले मूल मुख्वाना, दुसरे मुलोंगो, आणि त्यांच्या पाठीवरचे खिसा.

मात्र या नावांवरून निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते, कारण मुलाला दिवंगत पूर्वजाचे नावही दिले जाते, शिवाय शाळा आणि सरकारी कागदपत्रांमुळे वडिलांचे नाव आडनावासारखे पुढे चालते. पॅरिस येथे 2024 मध्ये 800 मीटर शर्यतीचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या इमॅन्युएल वान्योन्यी याच्या आडनावात खुरपणीचा हंगाम आहे, पण तो त्याच्या स्वतःच्या जन्माचा की एखाद्या पूर्वजाच्या, हे केवळ नावावरून ठरवता येत नाही.