बोटीचा जुना पंखा: दुर्मीळ म्हणजे महाग?

‘आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर बसणाऱ्या) इंजिनाचा जुना, उलट्या पिळाचा पितळी पंखा दुर्मीळ असून लाखात विकला जातो’ असा समज होऊ शकतो. तो सहज पटण्याजोगा असला, तरी उलटा पीळ बहुधा दोन इंजिनांच्या बोटीतील डावीकडे फिरणाऱ्या पंख्याचाच असतो.

धातूचा रंग फसवा. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एखाद्या टांगून तोलणाऱ्या वजनकाट्यावर पंखा आधी कोरडा, मग दोरीने टांगून, तळाला न टेकवता पाण्यात बुडवून तोलावा. कोरड्या वजनाला पाण्यात जेवढे वजन घटले तेवढ्याने भागल्यावर साडेआठच्या आसपास आकडा आला तर पितळ किंवा कांसे, २.७ च्या जवळ आला तर रंगवलेले ॲल्युमिनियम. (पंख्याच्या मधल्या गोल भागातले, म्हणजे तुंब्यातले, रबर आकडा थोडा खाली ओढते.)

तुंब्यावर ‘१३ × १९’ असे कोरलेले असल्यास व्यास १३ इंच आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने पुढे सरकण्याचे हिशेबी अंतर, १९ इंच समजावे. हे आकडे, तुंब्याच्या आतल्या दात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा चालू इंजिनाशी जुळली, तरच पंख्याला पंख्याची किंमत येते. एरवी बहुधा मोडीचा भाव.