वडील हयात नसताना भावकीची डीएनए चाचणी: अर्ज करण्याआधी आणि नकार देण्याआधी

सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडच्या वादांत एक वाक्य हमखास येतं: "आधी डीएनए करा." कधी चुलते पुतण्याला म्हणतात, कधी पुतण्या चुलत्यांना. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला असा आदेश देण्याचा अधिकारच नाही. हरकत आली की नोंद गाव नमुना ६-अ मध्ये, म्हणजे वादग्रस्त नोंदींच्या वहीत जाते. नातं ठरवायचं ते दिवाणी न्यायालयाने. वकिलाच्या नोटिशीत "पंधरा दिवसांत रक्त द्या" असं असलं तरी ती मागणी आहे, आदेश नव्हे. घाबरून लॅब गाठू नका.

न्यायालयात दावा चालू असताना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली डीएनए चाचणीसाठी अर्ज करता येतो. बहुतेक अर्ज पडतात ते संशयापलीकडे हातात काही नसल्यामुळे. २०२१ मध्ये मालमत्तेच्याच एका वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नातं सिद्ध करायला दुसरा पुरावा असेल तर नको म्हणणाऱ्यावर चाचणी लादू नये. म्हणून आधी कागद गोळा करा. घरी जन्मलेल्यांचा जन्मदाखला बहुधा सापडत नाही. अशा वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा. वाद नसताना झालेली जुनी नोंद नंतर केलेल्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जड पडते. रेशनकार्ड, लग्नाची नोंद, नोकरीतलं नामनिर्देशन हेही जोडा.

मुलाचा बाप कोण धरायचा हे सांगणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ (पूर्वीचं ११२) सर्रास चुकीचं वाचलं जातं. त्यातले २८० दिवस लग्नापासून मोजायचे नाहीत. नवऱ्याचा मृत्यू किंवा घटस्फोट झाल्यापासून मोजायचे, तेही आईने पुन्हा लग्न केलेलं नसेल तर. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल, मग लग्नाला महिनाच झालेला का असेना, नवऱ्याचंच धरलं जातं. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नीचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवल्याशिवाय हे गृहीतक हलत नाही.

नमुना कोणाचा, हेही नीट ठरवा. मुलाच्या बाबतीत सख्ख्या चुलत्याच्या वाय गुणसूत्रावरून पितृकुळ जुळतं, पण दोन भावांपैकी बाप कोण हे त्यातून कळत नाही. मुलीला ही वाय चाचणी लागूच नाही, कारण हे गुणसूत्र बापाकडून फक्त मुलग्याला मिळतं. वडिलांचे आई-वडील दोघे हयात असतील तर उत्तम.

नकार देणाऱ्याचं सहसा धरून-बांधून रक्त काढत नाहीत. मात्र न्यायालयाने आदेश दिल्यावरही नकार दिला, तर न्यायालय प्रतिकूल, म्हणजे नकार देणाऱ्याच्या विरोधातला निष्कर्ष काढू शकतं. लहान मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने धीर दिला आहे: आईने नकार दिला म्हणून मुलाचं औरसत्व (लग्नसंबंधातलं कायदेशीर अपत्य असणं) हिरावता येत नाही.

खासगी किटवर पैसे घालवू नका, हे कळकळीने सांगते. नमुना कोणाचा याची ओळख पटवलेली नसते, त्यामुळे अहवाल टिकत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही.

मयताची कधी बायोप्सी झाली असेल तर रुग्णालयात मेणातला ऊतींचा ठोकळा असू शकतो; त्यातून मयताचा डीएनए मिळू शकतो. तो कायम ठेवत नाहीत. जपून ठेवण्याचा आदेश मिळावा, असा अर्ज सगळ्यात आधी द्या.