मूळ अवयव पाच, विभाजक चोवीस: दादरच्या पिनकोडचा हिशेब

दादर पूर्वचा पिनकोड ४०००१४. निव्वळ संख्या म्हणून पाहिली, तर तिचे मूळ अवयव पाच आणि विभाजक चोवीस. स्पर्धा परीक्षेत गल्लत होते ती इथेच: विचारलेले असतात विभाजक आणि मुलं मूळ अवयव मोजून मोकळी होतात.

आधी अवयव पाडू. संख्या सम आहे, २ ने भागून २००००७ उरतात. अंकांची बेरीज ९, म्हणून ३ ने दोनदा भाग जातो: ६६६६९, मग २२२२३. पुढे ७, ११, १३ लावून पाहतात, भाग जात नाही, की ‘मूळच असणार’ म्हणून सोडून देतात. एवढ्यावर सोडायचं नसतं. संख्या मूळ नसेल, तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो, म्हणून तिथपर्यंत तपासायचं. १४९ चा वर्ग २२२०१ आणि १५० चा २२५००. म्हणजे १४९ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या लावून बघावी लागते. कंटाळवाणं आहे खरं, पण ७१ ने भाग जातो आणि ३१३ उरतात. ३१३ साठी १७ पर्यंत तपासलं की पुरे. ती मूळ आहे.

४०००१४ = २ × ३² × ७१ × ३१३

३ दोनदा मोजला तर मूळ अवयव पाच, एकदाच मोजला तर चार. प्रश्नात ‘वेगवेगळे’ हा शब्द आहे का, ते आधी बघा.

विभाजकांसाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा: २ × ३ × २ × २ = २४. एक का मिळवायचा? विभाजक तयार करताना ३ एकदाही न घेणं, एकदा घेणं किंवा दोनदा घेणं, असे तीन पर्याय असतात. कुठलाच अवयव घेतला नाही तर १ मिळतो, सगळे घेतले तर खुद्द ४०००१४. म्हणून १ विभाजकांत येतो, मूळ अवयवांत नाही. मघाशी २२२२३ ला मूळ धरलं असतं तर उत्तर १२ आलं असतं, म्हणजे निम्मे विभाजक गायब.

फोर्टचा ४००००१ दिसायला अगदी मूळ संख्येसारखा, पण ७ × ५७१४३ आहे. इथे २३३ वर थांबू नका. २३९ चा वर्ग ५७१२१, त्यामुळे २३९ ही लावावाच लागतो. त्यानेही भाग जात नाही. विभाजक चारच. स्वतः संख्या वगळून त्यांची बेरीज ५७१५१, तर दादरची ४८१६९८, म्हणजे मूळ संख्येपेक्षाही मोठी... नव्हे, ‘दिलेल्या’ संख्येपेक्षा म्हणायला हवं. ४०००१४ कुठली मूळ!

जाता जाता: अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ नाव दिलं. ४०००१४ ला ९ ने भाग जातो, म्हणजे ती हर्षद. गंमत अशी, की द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीतही तिच्या अंकांची बेरीज ९ च भरते. अष्टमान (० ते ७ हेच अंक वापरणाऱ्या) पद्धतीत मात्र ती १४१५२१६ अशी लिहिली जाते, बेरीज २० होते आणि भाग जात नाही. विभाजक कुठल्याही पद्धतीत चोवीसच.