हल्ला झाला तर पळून जावं लागतं का? आमच्या अशिलांसाठी माहिती

दुकानदार आणि शेतकरी अशील हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर: नाही. अंगावर धावून येणाऱ्याला पाठ दाखवून पळालंच पाहिजे, असं आपला कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात हे स्पष्ट केलं आहे.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची बचावाच्या (स्वसंरक्षणाच्या) हक्काची ९६ ते १०६ ही कलमं भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली. गाभा तोच. त्याआधीची घटना जुन्याच कलमांखाली चालते.

गोंधळ होतो तो कलम ३७ मुळे. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर बचावाचा हक्क मिळत नाही. बांधावरच्या भांडणात ‘संध्याकाळी बघतो’ अशी धमकी आली आणि तुम्ही माणसं जमवून काठ्यांनिशी वाट बघत थांबलात, तर तो बचाव नव्हे. पोलीस ठाणं गाठायला अख्खा दिवस हातात होता.

जीव घेण्यापर्यंतचा हक्क मोजक्याच प्रसंगी आहे: मृत्यू किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला, मालमत्तेबाबत जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग. गल्ल्यावरचा मोबाइल उचलून पळणाऱ्याला धरा, पण डोक्यात रॉड घालू नका.

खटला बहुधा दुसऱ्या फटक्यावर फसतो. चोराच्या हातातला कोयता पडला, तो वळून पळाला, की जिवाची भीती संपली. गेटबाहेर गाठून मारलेला घाव शवविच्छेदनात पाठीवर दिसतो. सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध (खुनाहून सौम्य गुन्हा), न्याय संहितेचं कलम १०५. शिक्षा टळत नाही.

कुंपणात वीज अजिबात सोडू नका. अशाच तारेला लागून माणूस दगावला, तेव्हा मालमत्तेच्या बचावाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच फेटाळला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा पूर्वी २ वर्षांपर्यंत होती, आता कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत आहे.

घटना घडली की लगेच ११२ लावा. समोरचा जखमी असेल तर त्याच्यासाठीही रुग्णवाहिका मागवा. स्वतःचा ओरखडासुद्धा त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या. बचाव सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर असते (साक्ष्य अधिनियम, कलम १०८), मात्र तो संभवनीय दिसला तरी पुरतो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) जुनं चित्रण आपोआप पुसतो, म्हणून तो बंद करून जपून ठेवा. पडद्यावरून मोबाइलने काढलेल्या व्हिडिओवर विसंबू नका; मूळ चित्रणाच्या प्रतीसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.