विषारी शोभिवंत वनस्पती, मुंबईतील

घराभोवतीच्या बागेत, गॅलरीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये शोभेसाठी लावलेल्या, परंतु पान, बी, कंद वा चीक पोटात किंवा डोळ्यांत गेल्यास अपाय करणाऱ्या वनस्पती. मुंबईतील नेहमीच्या पाहण्यातल्या अशा वनस्पती मुख्यतः दोन कुलांतल्या आहेत : करवीर कुल (कण्हेर, पिवळी कण्हेर, अडेनियम) आणि सुरण कुल (डिफेनबाकिया, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन). पहिल्या कुलातील या झाडांचे विष हृदयाला बाधते, दुसऱ्यातील तोंड व घसा सुजवते.

‘कण्हेर’ या नावाखाली दोन निराळ्या वनस्पती येतात. खरी कण्हेर (नेरियम ओलिअँडर) भूमध्य समुद्राच्या प्रदेशापासून आशियात दूरवर आढळते. ‘अश्वमारक’, ‘हयमार’ हे तिचे संस्कृत पर्याय पुरेसे बोलके आहेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात (विषांविषयीच्या भागात) ती गुंजेबरोबर मूलविषांत, म्हणजे मुळातील विषांत, मोजली आहे. पिवळी कण्हेर किंवा बिट्टी (कॅस्कबेला थेवेटिया) मात्र मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतली, म्हणून सोळाव्या शतकापूर्वी ती भारतात असणे संभवत नाही. अडचण येते ती राजनिघंटू या आयुर्वेदीय द्रव्यकोशामुळे. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात करवीराचे (कण्हेरीचे) पांढरा व तांबडा असे दोनच प्रकार आहेत. राजनिघंटूत पीत आणि कृष्ण धरून चार. यांतील पीतकरवीर म्हणजे बिट्टीच, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर तो भाग तरी पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचा ठरतो. राजनिघंटूचा काळ चौदाव्यापासून सतराव्या शतकापर्यंत वेगवेगळा दिला जातो, त्यामुळे हे अशक्य नाही. पण खऱ्या कण्हेरीतही फिकट पिवळ्या फुलांचे वाण आहेत, आणि केवळ रंगावरून ही ओळख पक्की करणे घाईचे वाटते. शास्त्रीय नावाचाही गुंता आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये पिवळ्या कण्हेरीला सेर्बेरा प्रजातीत घातले. पुढे फ्रेंच धर्मोपदेशक आंद्रे थेव्हे यांच्या स्मरणार्थ थेवेटिया हे प्रजातिनाम रूढ झाले आणि ‘थेवेटिया पेरुव्हियाना’ हे नाव जुन्या वैद्यकीय ग्रंथांत राहिले.

खऱ्या कण्हेरीत ओलिअँड्रिन, पिवळीत थेवेटिन ही ग्लायकोसाइडे (शर्करायुक्त विषारी संयुगे) असतात. ती पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. उलट्या, मंद व अनियमित नाडी, रक्तात पोटॅशियमची वाढ ही लक्षणे त्यातून उद्भवतात. सर्वच भाग विषारी, बिट्टीचे बी विशेष. वाळल्याने वा उकळल्याने विष जात नाही. शिवपूजेसाठी फुले लागतात म्हणून देवळामागे, चाळीच्या कुंपणाला आणि सोसायटीच्या बागेत ही झाडे टिकून आहेत. गुरे तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागते, म्हणून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या दुभाजकावरही कण्हेरच दिसते.

डिफेनबाकियाच्या पानांत व खोडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास ते तोंडाच्या अस्तरात घुसतात, जीभ सुजते, बोलणे बंद पडते. सूज केवळ टोचण्याने येते की प्रथिनविघटक एन्झाइमही त्यात सामील असते, याबद्दल मतभेद आहेत. दोन्ही मिळून, हे मत अधिक ग्राह्य दिसते. अळू खाजू नये म्हणून भाजीत चिंच घालतात, त्या खाजेचे मूळ हेच स्फटिक. मनी प्लांटचा त्रास याच जातीचा, बहुधा सौम्य.

कळलावी (अग्निशिखा, खड्यानाग) पावसाळ्यात फुलते व हौसेने कुंडीतही लावतात; तिच्या कंदातील कोल्चिसीन हे विषारी द्रव्य प्राणघातक ठरू शकते. नावातली ‘कळ’ प्रसूतीची की भांडणाची, यावर एकमत नाही. पॉइन्सेटियाची कुप्रसिद्धी मात्र अतिशयोक्त असून त्याच्या चिकाने त्वचा व पोट बिघडते इतकेच. खऱ्या लिलीमुळे मांजरांचे मूत्रपिंड निकामी होते.

झाडाचा भाग चावला गेल्यास तोंड धुऊन रुग्णालय गाठावे, मुद्दाम उलटी करवू नये. झाडाची फांदी सोबत न्यावी. कण्हेर म्हटल्याने कोणती, हे डॉक्टरांना कळत नाही.