ग्रॉस टनेज जास्त म्हणजे जहाज स्थिर?
अटलांटिक पार करायला दोन सारख्या क्रूझ जहाजांतून निवडताना ‘टनेज जास्त ते कमी हलतं’ असं सर्रास सांगतात. ते चूक आहे. ग्रॉस टनेज हे वजन नव्हे, बंदिस्त जागेचं माप. केबिनचे मजले चढवले की आकडा फुगतो. ‘ओएसिस ऑफ द सीज’चं ग्रॉस टनेज सुमारे 2,26,000, वेग 22 नॉटच्या (ताशी सागरी मैल) आसपास. ‘क्वीन मेरी 2’चं सुमारे 1,49,000, पण पुढचा भाग लांब निमुळता, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते) 10 मीटरांहून जास्त, वेग 30 नॉटपर्यंत. एवढ्या वेगामुळे वादळाला वळसा घालूनही वेळ गाठता येते. त्यामुळे लांबी, ड्राफ्ट आणि वेग पाहा. स्टॅबिलायझरचे (जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले) पंख आडवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारी उचल-आपट नाही. जुळ्या जहाजांत तर जहाजापेक्षा केबिनच महत्त्वाची: मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्या.